सायकलीला जागा होती

डहाणू हे सायकलीचं गाव आहे, असं मी कोणालाही छातीठोकपणे सांगते. चढ नाही, उतार नाही, स्टेशनपासून समुद्रापर्यंत रस्ता एकसारखा सपाट. कॉलेजची पोरं हल्ली मोटारसायकली उडवतात हे खरं, पण पोरी अजून सायकलीवर दिसतात. मासळीची पाटी घेतलेल्या बाईला जसा रिक्षावाला वाट देतो, तसा सायकलवालीलाही देतो. शिव्या देत देतो, पण देतो. आमच्या बाजूच्या मुली मला विचारतात, ‘ताई, डहाणूत शिकायला आलं तर खोली मिळेल का? कसं आहे राहायला?’ तेव्हा मी आधी सायकलीबद्दलच बोलत सुटते. खोलीचा विषय आला की माझे कान गरम होतात. राग आला की मला सरळ बोलता येत नाही, म्हणून एकदाचं लिहूनच टाकते.

मी उधव्याच्या पुढच्या एका पाड्यावरची. आमच्याकडे सायकल ही बसण्यापेक्षा ढकलण्याची वस्तू. पाड्याचा रस्ता म्हणजे निव्वळ दगडगोटे, आणि जिथे दगड नाहीत तिथे चढ. आठवीत सरकारी योजनेतून मला सायकल मिळाली तेव्हा सगळा पाडा बघायला आला. पण बारावीपर्यंत ती जितकी माझ्या पायाखाली फिरली, त्याहून जास्त मी तिला हाताने ओढली. आई म्हणायची, ‘ही तुझी सायकल नाय, तू हिचा बैल हायस.’

कॉलेजची पहिली दोन वर्षं मी जाऊन-येऊन केली. उधव्याहून तलासरी, तिथून डहाणू. एक एसटी चुकली की पुढची चुकायची आणि पुढची चुकली की तास चुकायचे. वसतिगृहात नंबर लागला नाही. शेवटच्या वर्षाच्या सुरुवातीलाच आमच्या सरांनी मला बोलावून सांगितलं, की हजेरी अशीच राहिली तर परीक्षेला बसवता येणार नाही. ते चांगल्या मनानेच सांगत होते. घरी येऊन मी बाबांना म्हटलं, की एकतर डहाणूत खोली बघा, नाहीतर कॉलेज सोडल्याचं धरून चाला. आमच्या घरातून कॉलेजपर्यंत पोचलेली मी पहिलीच. दुसऱ्या दिवशी बाबांनी ओळखीच्या एका विटांच्या टेंपोवर सायकल दोरीने बांधली आणि आम्ही दोघं विटांवर बसून डहाणूत आलो. सायकल टेंपोवर चढवताना बाबांचा अंगठा पेडलमध्ये सापडून सुजला होता, त्यामुळे ते दिवसभर हात वर धरून हिंडले.

खोली शोधण्याचा तो दिवस मी विसरणार नाही. ‘खोली भाड्याने’ अशी पाटी लावलेल्या घरासमोर आम्ही उभं राहायचो. आतून विचारणा व्हायची, कुठल्या तुम्ही? उधवा म्हटलं की पुढचा प्रश्न आडनावाचा. आडनाव सांगितलं की खोली कालच गेलेली असायची. पाटी मात्र तशीच लटकत असायची. एका घरी तर काकांनी आत बायकोला गुजरातीत सांगितलं, ‘आ लोकोने नथी आपवी,’ म्हणजे या लोकांना द्यायची नाही. आम्ही सीमेवरची माणसं, आम्हाला गुजराती कळत नाही असं या काकांना कोणी सांगितलं होतं कोण जाणे. मी बाहेरूनच मोठ्याने गुजरातीत निरोप घेतला, ‘सारू काका, आवजो.’ बाबांनी माझा दंड धरून मला रस्त्यावर आणलं आणि म्हणाले, ‘पोरी, तुझ्या तोंडापायी आपल्याला झाडाखाली झोपायला लागंल.’

शेवटी गावाच्या बाहेर, घोलवडकडे जाणाऱ्या समुद्राच्या रस्त्यावर, एका चिकूवाडीत खोली मिळाली. वाडी जुन्या बागायतदार कुटुंबाची होती. नवरा-बायको दोघंच राहायची, मुलं मुंबईला. चिकू धुऊन पेट्या भरायची जी शेड होती, तिला लागून एक पत्र्याची खोली होती. आधी तिच्यात रिकामे क्रेट ठेवायचे. भिंतींना कच्च्या चिकूच्या चिकाचा वास मुरला होता. मालकीणबाईंनी मला नीट बघितलं, बाबांच्या सुजलेल्या अंगठ्याकडे बघितलं, आत जाऊन हळद आणून दिली आणि मग अटी सांगितल्या. मुलं येता कामा नयेत. मासळी चालेल, पण चूल बाहेर. आणि पाहुणे राहायला नकोत. ‘तुमच्याकडचा एक आला की मागून अख्खा पाडा येतो,’ त्या हसत म्हणाल्या. बाबाही हसले. मीही हसले, कारण ते खरंच होतं. आमच्याकडच्या कोणाची डहाणूत खोली आहे म्हटल्यावर दवाखान्याला आलेला, कोर्टाला आलेला, गाडी चुकलेला, सगळे तिथेच उतरणार.

त्या बाईंना मी काकी म्हणायला लागले, त्यांच्या नवऱ्याला काका. वरवर नाही, मनापासून म्हणायचे. मला ताप आला तेव्हा त्यांनी पेज करून दिली. सायकल बाहेर ठेवलेली दिसली तेव्हा त्या रागावल्या. ‘समुद्राची हवा आहे ही, आठवड्यात गंजून जाईल,’ म्हणत त्यांनी शेडमधले क्रेट सरकवले आणि तिच्यासाठी पत्र्याखाली जागा करून दिली. साखळीला लावायला तेलाची बाटलीही दिली. हे सगळं लिहायलाच हवं, नाहीतर पुढचं वाचून कोणाला वाटेल की मी पहिल्यापासून दात धरून होते.

आणि सायकल! त्या वर्षी मला कळलं की सायकल चालवणं म्हणजे काय असतं. सकाळी कॉलेजला जाताना एका हाताला सुरूची झाडं, त्यांच्या मधून समुद्र, दुसऱ्या हाताला वाड्यांची कुंपणं. नुसतं पेडलवर पाय ठेवायचा की ती धावायची. नरपडला सुकत घातलेल्या मासळीचा वास आला की समजायचं, उशीर झालेला नाही. संध्याकाळी परतताना मात्र वारा समोरून तोंडावर यायचा. ओढणी कमरेला बांधून, मान खाली घालून मी वाऱ्याशी भांडत घरी यायचे. कॉलेजच्या सायकल स्टँडला लागून एका पंक्चरवाल्याचं दुकान होतं. तो माझी सायकल ओळखायचा, कारण सीटला आईने तिच्या जुन्या लुगड्याचा तुकडा शिवून बसवला होता. हिरवा, लाल काठाचा. ‘आली का लुगडेवाली?’ असं तो रोज विचारायचा आणि मी रोज त्याच्यावर डोळे वटारायचे.

थंडी सुरू झाली तेव्हा आईच्या डोळ्याचं काहीतरी निघालं. पाणी गळायचं, दुखायचं. डहाणूच्या दवाखान्यात सकाळी लवकर नंबर लावावा लागतो, म्हणून ती आदल्या संध्याकाळी येणार होती. मी काकींना विचारलं. त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाल्या, ‘आई आहे म्हणून. एकच रात्र.’ मला इतका आनंद झाला की मी शेडसकट सगळं झाडून काढलं. आई आली, खोलीत चारी बाजूंनी फिरली, भिंतीचा वास घेतला आणि म्हणाली, ‘गोड वास हाय. झोप बरी लागंल.’ आणि तिला खरंच गाढ झोप लागली.

आता इथे आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. आमच्याकडे पाहुणा ज्या घरी रात्र काढतो, त्या घरचं सकाळचं एखादं काम करून मगच तो चहा पितो. अंगण झाडतो, लाकडं फोडतो, पाणी भरतो. कोणी सांगत नाही आणि कोणी नको म्हणत नाही. झाडाखाली काही पडलेलं असेल तर तेही गोळा करतो. आणि पडलेल्या फळाचं असं असतं की झाड कोणाचंही असो, जो वाकून उचलतो त्याचा त्यात वाटा. आंब्याच्या दिवसांत वारा सुटला की अख्खा पाडा टोपल्या घेऊन धावतो, आणि ज्याचं झाड तोही त्यांच्यातच धावत असतो. फांदीवरच्या आंब्याला मात्र कोणी हात लावणार नाही. तो मालकाचा.

मला जाग आली ती खराट्याच्या आवाजाने. बाहेर नुकतं उजाडत होतं. आईने शेडसमोरचं अंगण झाडलं होतं, खोलीजवळच्या झाडांखालचा पाचोळा एका बाजूला केला होता, आणि रात्री वटवाघळांनी पाडलेले चिकू एकेक करून गोळा केले होते. उष्टे, फुटलेले तिने वेगळे काढले होते. चांगले होते ते पदराने पुसून, माती काढून, माझ्याच टोपलीत रचले होते. मी उठून बाहेर येईपर्यंत ती काकींच्या ओटीपर्यंत पोचली होती. वाडीत पडलेला मालही वेगळा गोळा होतो, सुकवून विकला जातो, गडी माणसं तो मोजून देतात, हे मला ठाऊक होतं. पण ओरडून थांबवावं इतकी ती लांब नव्हती आणि हळू सांगावं इतकी जवळही नव्हती.

‘हे काय?’ काकींनी विचारलं.

‘पडलेले होते. गोळा केले,’ आई म्हणाली. ‘माझा वाटा घेतला मी, पोरीला ठेवला. बाकीचे तुमचे.’

काकींनी टोपलीकडे बघितलं. ‘बरं,’ म्हणाल्या आणि टोपली आत घेऊन गेल्या. आई खुशीत परत आली. मला म्हणाली, ‘बाई बरी हाय तुझी. जास्त बोलत नाय.’ मग आम्ही दवाखान्यात गेलो, डोळ्यात घालायचं औषध मिळालं, मी आईला एसटीत बसवलं आणि कॉलेजला गेले.

संध्याकाळी परत आले तर काका आणि काकी दोघं माझ्या खोलीच्या दारात उभी. दार उघडं. काकींकडे दुसरी किल्ली असायची. फळीवर आईने ठेवलेले चिकू होते, काका ते एकेक करून क्रेटमध्ये टाकत होते. त्या हंगामात वाडीत चोऱ्या होत होत्या. कोणीतरी कुंपण कापून रात्रीत झाडांवरचे चिकू उतरवून नेत होतं. मलाही ते माहीत होतं. मी स्वतः एकदा कुत्र्यांचा आवाज ऐकून काकांना हाक मारली होती.

‘आता समजलं, आतून कोण वाट दाखवतं ते,’ काका म्हणाले.

माझ्या डोक्यात जणू कोणी काडी ओढली. मी सायकल तशीच जमिनीवर पडू दिली. ‘चोर कधी दारात येऊन आपला वाटा सांगतो का?’ मी म्हटलं. ‘तिने काकींना सांगून ठेवलेत. विचारा त्यांना.’

‘वाटा?’ काका म्हणाले. ‘कसला वाटा? वाडी कोणाची?’

याला माझ्याकडे उत्तर होतं. रीत काय असते, पाहुण्याचं काम काय असतं, उचलणाऱ्याचं काय असतं, हे सगळं सांगायला मी तोंड उघडलं, पण काकांच्या चेहऱ्याकडे बघून माझ्या लक्षात आलं की मी जे सांगेन ते सगळं त्यांना कबुलीच वाटणार आहे. मी काकींकडे बघितलं. त्या नुसतं म्हणाल्या असत्या, ‘हो, सांगितलं होतं तिने,’ तरी पुरे होतं. त्या जमिनीकडे बघत होत्या.

शेवटी त्या बोलल्या ते हे: ‘तू राहा. तुझी परीक्षा होईपर्यंत राहा, तुझ्याबद्दल आमचं काही म्हणणं नाही. पण तुझ्या घरचं माणूस या फाटकाच्या आत येता कामा नये. ज्या दिवशी आलं त्या दिवशी खोली रिकामी.’

माझ्या हातात सायकलीची आणि खोलीची किल्ली एकाच दोऱ्यात होती. ती काकांच्या अंगावर भिरकावून द्यावी असं मला इतकं वाटलं, की दोरा बोटाला करकचून बसला. पण परीक्षा तीनेक महिन्यांवर आली होती. या गावात खोली कशी मिळते ते मी आणि बाबांनी दारोदार हिंडून पाहिलं होतं. पुन्हा जाऊन-येऊन करायचं म्हणजे हजेरी गेली, हजेरी गेली म्हणजे वर्ष गेलं. आणि वर्ष गेलं की आमच्याकडे पोरीला दुसरं वर्ष मिळत नाही. मी सायकल उचलली आणि शेडमध्ये नेऊन उभी केली. त्या गावात माझ्या सायकलीला पत्र्याखाली जागा होती, माझ्या आईला नव्हती.

त्या रात्रीपासून मला एकच काळजी लागली. खोली टिकवायची होतीच, पण त्याहून मोठी गोष्ट अशी, की आपल्याला डहाणूत चोर म्हटलं गेलं, हे आईला कधीही कळता कामा नये. माझं काय, मी चिडून मोकळी होणारी. आई चिडणारी नाही. ती ते मनात ठेवून बसली असती आणि पुढे कोणाच्या दारात गेली तरी हात मागे बांधून उभी राहिली असती. माझी आई तशी दिसू नये, एवढंच मला हवं होतं.

पुढच्या वेळी घरी गेले तेव्हा मी सांगितलं, की अभ्यास फार आहे, आता परीक्षेपर्यंत कोणी येऊ नका, मीच येत जाईन. आई म्हणाली, ‘बरं.’ मग लगेच विचारलं, ‘बाईला चिकू आवडले ना?’ मी म्हटलं, ‘हो, फार आवडले.’ प्रत्येक वेळी मी डहाणूला निघाले की ती सांगायची, ‘त्या बाईला माझा रामराम सांग.’ मी हो म्हणायचे. फाटकातून आत शिरताना तो रामराम मी तोंडातच गिळून टाकायचे.

काकी माझ्याशी पूर्वीसारख्याच बोलायचा प्रयत्न करायच्या. तेलाची बाटली संपली तर नवी ठेवायच्या. मी ती वापरायची नाही असं ठरवलं आणि पंक्चरवाल्याकडून तेल घालून घ्यायला लागले. काकी म्हणून हाक मारणंही मी बंद केलं. ‘अहो’ म्हणायचे, नाहीतर काहीच म्हणायचे नाही. वाडीत झाडाखालून सायकल नेताना चाकापुढे चिकू आला तर मी उतरून सायकल उचलून त्याच्यावरून पलीकडे न्यायचे. अभ्यास मात्र मी त्या दिवसांत असा केला, जणू कोणाच्या तरी नाकावर टिच्चून करते आहे.

परीक्षेच्या आधीच्या एका दुपारी तास संपवून मी सायकल स्टँडवर आले, तर पंक्चरवाला म्हणाला, ‘अरे, तुझी आई आली होती ना. तू वर्गात. बिचारी उन्हात किती उभी राहील, मीच तिला रिक्षात बसवून खोलीवर पाठवली.’ त्याला वाटलं आपण फार चांगलं काम केलं. चांगलंच केलं होतं त्याने.

मी सायकलीवर टांग टाकली आणि निघाले. दुपारचा वारा समोरून, तोही असा की पेडल मारून मारून सायकल जागच्या जागी आहे असं वाटावं. नरपडपर्यंत मी रडत होते की घामच डोळ्यांत जात होता, मला सांगता यायचं नाही. एवढा सपाट रस्ता मला आमच्या पाड्याच्या चढाहून जड गेला. डोक्यात एकच विचार, की ती आत गेली असेल, काकांनी तोंड उघडलं असेल. खोली गेली तरी चालेल, पण तिला काही कळू नये. असं पहिल्यांदाच मनात आलं.

आई फाटकाच्या बाहेर, रस्त्याकडेच्या मोरीच्या कठड्यावर बसली होती. मांडीवर पिशवी. ऊन सरळ तिच्या डोक्यावर. आत ओटीवर काकी उभ्या होत्या, मला बघून त्या घरात गेल्या. आई हसली.

‘आत का नाही बसलीस?’ मी धापा टाकत विचारलं.

‘ती बोलली, बस आत. मीच बोलले नको. हितं वारा बरा लागतो,’ आई म्हणाली. ‘वालाच्या शेंगा आणल्यात तुझ्यासाठी. आन् मी लगेच निघते, चारच्या गाडीला.’

मी तिच्या चेहऱ्याकडे बारकाईने बघितलं. नेहमीचाच होता. माझा जीव भांड्यात पडला. देव पावला, असं मी चक्क मनात म्हटलं, आणि ज्या काकींवर मी महिनोन्‌महिने दात खात होते, त्यांचे क्षणभर आभारही मानले. त्यांनी आईला सांगितलं नव्हतं तर.

रिक्षा मिळेना. मी आईला म्हटलं, सायकलीवर मागे बस, मी सोडते एसटी स्टँडवर. ती आयुष्यात कधी सायकलीवर बसली नव्हती. आधी नाही नाही म्हणाली, मग लुगडं सावरून एका बाजूला पाय सोडून कॅरियरवर बसली. आता वारा पाठीकडून होता. सायकल आपसूक निघाली. मला इतकं हलकं वाटत होतं की मी बोलतच सुटले. हे बघ समुद्र, ही सुरूची झाडं, इथे मासळी सुकवतात, या घरातला कुत्रा रोज माझ्या मागे लागतो. आईने माझा कुर्ता कमरेशी मुठीत घट्ट धरला होता. पडायची भीती वाटते आहे, असं मला वाटलं. मी विचारलं, ‘हळू चालवू का?’ तर म्हणाली, ‘नको. अशीच जाऊ दे.’

परीक्षा झाली. शेवटचा पेपर देऊन आले त्याच दिवशी मी खोली सोडली. काकी दारात आल्या, हातात चिकूची पिशवी घेऊन. झाडावरून उतरवलेले, मोठे, एका मापाचे. ‘आईला दे,’ म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले होते, ते मला दिसलं. मी म्हटलं, ‘आमच्याकडे झाडावरचं घेत नाहीत,’ आणि सायकल काढली. मी पास झाले. पुढे मला नोकरी लागली, तीही डहाणूतच, आणि आज मी गावातच भाड्याने राहते. यावेळच्या मालकाला मी पहिल्या दिवशीच सांगितलं होतं, की माझी माणसं येणार, राहणार, आणि अंगण झाडणार. तो जरा घाबरला, पण हो म्हणाला.

हे सगळं इथे संपलं असतं. पण गेल्या मे महिन्यात मी घरी गेले होते. दुपारी वारा सुटला. ओढ्याजवळ जुनं आंब्याचं झाड आहे, कोणाचं आहे ते आता कोणालाच नक्की सांगता यायचं नाही. मी आणि आई तिथूनच येत होतो. धपकन एक आंबा माझ्या पायापुढे पडला. चांगला पिकलेला, देठाशी केशरी. मी वाकले आणि हात पुढे करण्याआधी मान वळवून मागे बघितलं. मग दुसऱ्या बाजूला बघितलं. मी बघते आहे हे मला बघून झाल्यावर कळलं.

आई थांबली होती.

‘कोनाला बघतेस?’ ती म्हणाली. ‘हितं कोन नाय चोर म्हननार.’

मी तशीच वाकलेली राहिले. मग खालीच बसले. ‘तुला कोणी सांगितलं?’

‘त्या बाईनंच. त्या दिवशी, मोरीवर बसले व्हते ना. फाटकातच सांगितलं तिनं. तवाच बाहेर जाऊन बसले.’

वाऱ्याने मागे आणखी आंबे पडत होते. वरच्या घरांतून पोरं टोपल्या घेऊन ओरडत येत होती. मला सायकलीवर माझ्या कमरेशी धरलेली ती मूठ आठवली, आणि मी तिला समुद्र दाखवत होते ते आठवलं.

‘मग तू मला का नाही सांगितलंस?’ मी विचारलं. ‘त्यानंतरही दर वेळी रामराम सांगत राहिलीस तिला. का?’

‘तुला कळलं असतं का मला ठावूक हाय, तर तू किल्ली तिच्या तोंडावर टाकून घरी आली असतीस,’ आई म्हणाली. ‘तुझं डोकं मला ठावूक नाय? परीक्षा राहिली असती.’ मग ती थोडी हसली. ‘आन् ती सायकल परत टेंपोवर कोन चढवनार व्हतं? तुझ्या बापाचा अंगठा अजून दुखतो.’

तिने आंबा उचलला, पदराने पुसला आणि माझ्या हातात ठेवला.